पगारे मॅडमचा तास

मॅडम, मागच्या आठवड्यात तुम्ही गेल्यानंतरच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात मला बोलायला उभं केलं आणि मी म्हणालो, "पगारे मॅडम अत्यंत शिस्तप्रिय शिक्षिका होत्या." मग माईक धरून थोडा वेळ नुसताच उभा राहिलो, "एवढं बोलून मी थांबतो" म्हणालो आणि खरंच थांबलो. खाली बसल्यावर आमची सुनंदा कानात म्हणाली, "अहो, घरी इतकी वर्षं त्यांच्याशी झालेली भांडणं ऐकवलीत, आणि इथं हे?"

शिस्तप्रिय! तुम्ही ऐकलं असतंत तर तोंडाला पदर लावून हसला असतात. तुमच्या तासाला मागच्या शेडमधून जो आवाज यायचा, त्यात माझी प्रमेयं वाहून जायची. मी मॉनिटरला पाठवायचो, "मॅडमना सांग, दंगा कमी करा." तो परत येऊन निरोप द्यायचा, "मॅडम म्हणाल्या, दंगा नाहीये, ताल आहे."

माईकवर बोलता आलं नाही त्याचं कारण साधं आहे. जे सांगायचं होतं ते तुमच्या माणसांसमोर सांगायची हिंमत झाली नाही. तुम्ही होतात तेव्हाही झाली नव्हती. इतकी वर्षं मधल्या सुट्टीत एका टेबलावर डबा खाल्ला, तुमच्या डब्यातली लसणाची चटणी न विचारता उचलली, आणि ही एक गोष्ट मात्र पोटात ठेवली. म्हणून आता लिहितो आहे. तुम्ही मधे बोलणार नाही याची सवय व्हायची आहे अजून.

तुम्ही आमच्या शाळेत आलात त्या हिंदीच्या शिक्षिका म्हणून. नृत्याची जागा आपल्याकडच्या शाळांत असतेच कुठे? वडील एकलहऱ्याच्या पॉवर स्टेशनात होते, तिथल्या कॉलनीच्या हॉलमध्ये तुम्ही लहानपणी शिकला होतात, एवढीच तुमची शिदोरी. आल्या आल्या महिन्याभरात हेडसरांकडे गेलात आणि म्हणालात, "आठवीचे कलेचे दोन तास कुणीच घेत नाही. ते मला द्या, मी मुलांना नृत्य शिकवते."

कुणीच घेत नाही हे काही खरं नव्हतं. ते तास मी घेत होतो. कलेचा तास, खेळाचा तास, कार्यानुभवाचा तास, जो रिकामा दिसेल त्यात गणिताच्या मास्तरानं घुसायचं ही रीतच आहे. पोर्शन संपवायचा असतो. मुलंही बिचारी खेळाच्या तासाला आपणहून गणिताची वही काढून बसायची, इतकी त्यांना सवय झाली होती. त्यात तुम्ही आलात आणि माझे दोन तास घेऊन गेलात. तुमच्याबद्दलचं माझं पहिलं मत फारसं चांगलं नव्हतं, हे तुम्हाला सांगायला नकोच.

त्यात तुम्ही दोन महिने नाच शिकवलाच नाहीत. मुलांना शेडमध्ये नेऊन नुसतं उभं करायचात आणि चालायला लावायचात. त्याच शेडमध्ये दुपारी पोषण आहाराची खिचडी वाटतात, त्यामुळे मुलं आधी भाताची शितं झाडून काढायची आणि मग रांगेत उभी राहायची. मी एकदा डोकावून विचारलं, "मॅडम, नाच कधी सुरू होणार?"

"सर, आठवीतलं मूल उभं कसं राहतं बघितलंय का? एक पाय मोडून, भिंतीला टेकून, नाहीतर दुसऱ्याच्या खांद्यावर लोंबकळून. आधी स्वतःच्या दोन पायांवर उभी राहू देत."

हे मी स्टाफरूममध्ये विनोद म्हणून सांगितलं. सगळे हसले. तुम्हीही हसलात, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा मुलांना घेऊन शेडमध्ये उभ्या.

तरी माझी खोड जात नव्हती. "मॅडम, आजचा तास द्या ना, पोर्शन मागं पडलाय." तुम्ही दोन-तीनदा दिलात. त्यानंतर एकदा मागितला तर तुम्ही म्हणालात, "घ्या की," आणि मुलांबरोबर स्वतःही माझ्या वर्गात आलात. शेवटच्या बाकावर बसलात. पूर्ण तास. माझ्या हातातला खडू दोनदा मोडला त्या दिवशी. तास संपल्यावर म्हणालात, "छान शिकवता सर. शेवटच्या बाकापर्यंत तुमचा आवाज येतो. तुमची नजर काही येत नाही."

मला राग आला. "नजरेनं गणित येत नाही मॅडम," मी म्हणालो.

"मग एकदा माझ्या तासाला या. तिथं तुम्ही शेवटी बसा."

आलो. हट्टानं आलो, खोट काढायला आलो. मुलांच्या चार रांगा होत्या. तुम्ही टाळ्यांवर कडवं म्हणायचात, कडवं संपलं की "रांग बदल!" म्हणायचात. पुढची रांग दोन बाजूंनी फिरून मागे जायची आणि बाकीच्या तिन्ही रांगा एकेक पाऊल पुढे यायच्या. चार कडव्यांत प्रत्येक मूल एकदा तरी पुढे. मी विचारलं, "ज्यांना चांगलं येतं त्यांना पुढे ठेवा ना. बाकीचे त्यांचं बघून शिकतील."

"मागून बघून नाच येतो सर. पुढे उभं राहणं येत नाही. ते पुढे उभं राहूनच येतं."

"सगळ्यांना नाच थोडाच येतो?"

"सगळ्यांना येतो असं मी म्हटलंच नाही कधी. सगळ्यांनी पुढे यायचं, एवढंच म्हणते."

हा वाद आपण तेव्हा सुरू केला तो कधी संपवलाच नाही. मला अजूनही वाटतं, मॅडम, की काही मुलांना नाच येत नाही आणि येणारही नाही. हे मी तुमच्या माघारीही सोडणार नाही. तुम्ही गेलात म्हणून लगेच तुमचं सगळं पटलं म्हणालो तर तुम्हालाच आवडणार नाही.

त्या दिवशी मला चौथ्या रांगेत रूपाली दिसली. दारणाकाठच्या गावातली, शेवंती आणि झेंडू लावणाऱ्या घरातली. माझ्याच वर्गात होती, पण मी तिला पाहिलं ते तिथं. आठवीतच ती आम्हा मास्तरांएवढी उंच झाली होती. मुलं तिला टॉवर म्हणायची. ते नाव चुकवायला ती खांदे पाडून, मान आत ओढून, पाठीला पोक काढून चालायची. वर्गात काही विचारलं की एकच उत्तर, "नाय सर, मला नाय येत." उंच म्हणून शेवटचा बाक, उंच म्हणून प्रार्थनेला शेवटी, उंच म्हणून फोटोत मागे. तुमच्या तासाला मात्र चौथं कडवं आलं की ती फिरत फिरत पुढे पोचायची. तुम्ही तिला ताठ उभी राहा असं कधी म्हणाला नाहीत. पुढे आल्यावर तुम्ही तिच्यासमोर उभ्या राहायचात आणि डोळ्यांत बघायचात. तुमच्या डोळ्यांत बघायचं तर तिला मान वर काढावी लागायची.

आता गॅदरिंगचं सांगतो. त्यासाठीच हे लिहितो आहे.

त्या वर्षी गॅदरिंगचा प्रमुख मी होतो. पाहुणे मोठे होते, शाळेला कॉम्प्युटर देणार अशी बोलणी चालली होती. तुमच्या मुलींचा नाच शेवटून दुसरा. मुली मेकअपसाठी सातवी-ब च्या वर्गात बसल्या होत्या आणि तुम्ही बाहेर माईकवाल्याशी बोलत होतात. मी आत गेलो. पहिल्या रांगेत सहा मुली होत्या, ठेंगण्या, गोंडस, सगळ्यांत छान नाचणाऱ्या. फोटोत त्याच याव्यात असं मला वाटलं. मी त्यांना बाजूला घेतलं आणि म्हणालो, "पाहुणे फोटो काढणार आहेत. आज मागं जायचं नाही. पुढेच नाचायचं. कळलं?"

गणिताच्या सरांनी सांगितलंय म्हटल्यावर त्या काय बोलणार? माना हलवल्या. बाकीच्या तीन रांगांना हे सांगायला हवं असं माझ्या डोक्यातही आलं नाही. आयुष्यभर समीकरणं शिकवली, पण एक बाजू बदलली की दुसरी बदलावी लागते हे तेवढ्यात विसरलो.

पुढचं तुम्ही पाहिलंत. पहिलं कडवं संपलं, दुसरी रांग सवयीनं पुढे आली आणि पहिली हललीच नाही. ओढण्या अडकल्या. दुसऱ्या कडव्यानंतर तिसरी रांग त्यात शिरली. मुली एकमेकींच्या पायावर पाय देत होत्या, तरी टाळी सोडत नव्हत्या. आणि चौथ्या कडव्याला रूपाली पुढे निघाली. तिची पाळी होती. कित्येक दिवस तिनं त्या जागेची तयारी केली होती. ती जागा भरलेलीच होती, म्हणून ती कडेनं पुढे गेली, आणि स्टेजच्या कडेवरून खाली आली ती थेट पाहुण्यांच्या टेबलावर. पाण्याच्या बाटल्या, गुच्छ, सत्काराचे नारळ, सगळं घेऊन.

तिला फार लागलं नाही, कोपर खरचटलं. पण सगळं मैदान हसलं. खरं सांगतो, घाबरून का होईना, मीही हसलो होतो.

दुसऱ्या दिवशी हेडसरांनी तुम्हाला बोलावलं. मी तिथंच होतो, प्रमुख म्हणून. ते म्हणाले, "मॅडम, हे काय झालं? सराव कमी पडला का?" तुम्ही एकदा माझ्याकडे बघितलंत. मी टेबलावरच्या पेपरवेटकडे बघत होतो. तुम्ही म्हणालात, "हो सर. रांगेची सूचना माझ्याकडून नीट गेली नाही."

मी तेव्हा बोलायला हवं होतं. एका वाक्याचं काम होतं. तोंड उघडलंही होतं मी, पण त्यातून निघालं काय, तर "मुलं आहेत सर, होतं असं." म्हणजे मी तुमच्यावर वरून मोठेपणाही दाखवला.

त्या वर्षापुरते नृत्याचे तास बंद झाले आणि गणिताला मिळाले. जानेवारीतच माझा पोर्शन संपला, नोकरीत पहिल्यांदा. मुलं समोर शिस्तीत बसलेली, शेड शांत. पोर्शन संपल्याचं इतकं वाईट मला कधी वाटलं नव्हतं.

रूपाली गॅदरिंगनंतर शाळेत आलीच नाही. चार दिवस झाले, आठवडा झाला. तुम्ही मला म्हणालात, "सर, तुमच्या गाडीवर तिच्या गावापर्यंत सोडता का?" माझ्याच गाडीवर, मॅडम. रस्ताभर तुम्ही मागे बसून बोलत होतात आणि मी हेल्मेटमध्ये तोंड लपवून हूं हूं करत होतो.

शेतात तोडणी चालली होती. रूपालीचे वडील बांधावर आले, टोपी काढून म्हणाले, "नाय मॅडम, ती नाय येणार आता. पोरं लय हसली म्हणं. घरी बी काम हायेच की. फुलं तोडील, मार्केटला येत जाईल आमच्यासंगं."

मला वाटलं, तुम्ही आता शिक्षणाचं महत्त्व सांगाल. तुम्ही चपला काढल्यात आणि शेवंतीच्या सरीत उतरलात. रूपालीच्या शेजारी उभ्या राहून फुलं खुडायला लागलात. अर्धी सरी खुडून झाली. मग म्हणालात, "रूपाली, चूक माझी झाली. रांग कशी बदलायची ते मी सगळ्यांना सारखं सांगितलं नाही. तू तुझ्या जागेवर बरोबर आली होतीस."

रूपालीनं तुमच्याकडे नाही, माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मला वाटलं, गणिताच्या सरांना शेतात बघून पोर बुजली. मी शेवंतीच्या भावाबद्दल तिच्या वडिलांना काहीतरी विचारायला लागलो.

सोमवारी ती शाळेत आली. तास बंद होते, म्हणून तुम्ही मधल्या सुट्टीत डबा लवकर संपवून शेडमध्ये जायला लागलात, ज्या येतील त्या मुलींना घेऊन. आपल्या टेबलावर मी एकटाच जेवत असे आणि पत्र्यातून टाळ्यांचा आवाज येत असे. पुढे फेब्रुवारीत कधीतरी मी उजळणीला फळ्यावर वर्तुळाची जीवा घेत होतो, तर शेवटच्या बाकावरून आवाज आला, "सर, हे परत सांगा." वर्ग वळून बघायला लागला. रूपाली उभी होती. पूर्ण उंचीनं, दोन पायांवर. माझ्या तासाला तोवर कुणी "परत सांगा" म्हणालं नव्हतं. न कळणारे गप्प बसायचे, आणि ते गप्प म्हणजे त्यांना कळलं असं मी धरून चालायचो. तिला त्या वर्षी गणितात जेमतेम मार्क पडले, उगाच चमत्कार सांगत नाही. पण त्या दिवशी मी जीवा परत सांगितली आणि नजर शेवटच्या बाकापर्यंत नेली. तेव्हापासून माझ्या वर्गात दर सोमवारी मागचे बाक पुढे येतात. हे कुणाकडून घेतलं ते मी कधी कुणाला सांगितलं नाही, तुम्हालाही नाही. तुम्ही वर्गावरून जाताना बघायचात आणि पुढे जायचात.

पुढच्या जूनमध्ये वेळापत्रकाचं काम माझ्याकडे आलं. मी कुणाला न विचारता आठवीच्या वेळापत्रकात एक तास नृत्याचा टाकला, शनिवारी शेवटचा, जिथं कुणाचं लक्ष जात नाही. हेडसरांनी न बघता सही केली. मला वाटलं, झालं, केली भरपाई. तुम्ही नोटीसबोर्डसमोर उभं राहून ते वाचलंत. मी आभाराची वाट बघत होतो. तुम्ही म्हणालात, "सर, शनिवारचा शेवटचा म्हणजे मुलं दप्तर पाठीला लावूनच नाचणार."

त्यावरून आपलं दर जूनमध्ये भांडण. "यंदा तरी तासाची जागा बदलता का?" "बसत नाही मॅडम कुठे." "गणित कसं बसतं?" "गणित गणित आहे." दरवर्षी हेच. पण तो तास मी पुन्हा कधी मागितला नाही, हे तुमच्या लक्षात आलं असेल अशी मी मनाची समजूत घालून घेतली होती.

यंदा दिवाळीच्या सुट्टीत दवाखान्यात तुम्हाला भेटायला आलो तेव्हा सांगायचं ठरवूनच आलो होतो. खोलीत माणसं होती. मी सफरचंदांची पिशवी मांडीवर घेऊन बसलो. माणसं गेली, तुमचे भाऊ औषध आणायला गेले, आपण दोघंच उरलो. तुम्ही विचारलंत, "दुसऱ्या सत्रात माझा तास कुठंय?"

"शनिवारीच."

"शेवटचा?"

"शेवटचा."

"हट्टी आहात," म्हणालात आणि डोळे मिटलेत. मी पिशवी टेबलावर ठेवली आणि निघालो. ते आपलं शेवटचं बोलणं.

मॅडम, आता या शनिवारी काय झालं ते ऐका. दुसऱ्या सत्राची मीटिंग होती. सध्याच्या हेडसरांनी आधी तुमच्यासाठी दोन मिनिटं उभं केलं सगळ्यांना. मग वेळापत्रक निघालं. ते म्हणाले, "नृत्याचा तास घ्यायला आता कोणी नाही. तो स्कॉलरशिपच्या जादा तासाला देऊ. तसंही, मॅडमबद्दल पूर्ण आदर ठेवून सांगतो, त्या गॅदरिंगच्या प्रकारानंतर शाळेत त्या विषयाला फारसं कुणी मनावर घेतलं नव्हतंच."

ते त्या वेळी आपल्या शाळेत नव्हतेही. पण टेबलावर पडलेल्या मुलीचा किस्सा शाळेत नव्या येणाऱ्या प्रत्येकाला कुणीतरी सांगतंच. तुम्ही इतकी वर्षं राबलात आणि तुमच्या नावावर शाळेत राहिलं काय, तर माझी चूक.

मी उठलो. म्हणालो, "सर, तो प्रकार मॅडममुळे झाला नव्हता. माझ्यामुळे झाला होता." आणि सगळं सांगितलं. सातवी-ब चा वर्ग, सहा मुली, फोटो, पेपरवेट. कुणी हसलं नाही. भूगोलाच्या नवीन बाई डोळे पुसत होत्या. हेडसर म्हणाले, "ठीक आहे बोराडे सर. पण तास ठेवायचा तर समोर एक नाव लागेल. कोणाचं लिहू?"

"माझं लिहा," मी म्हणालो.

आता तुम्ही हसा. माझ्या वरातीतसुद्धा मी नाचलो नव्हतो, सुनंदा अजून ऐकवते. निवृत्तीला दोन वर्षं उरली आहेत आणि उजवा गुडघा वाजतो. पण मुलांना उभं करता येईल, चालवता येईल, टाळी देता येईल. पावलं शिकवायला कुणीतरी लागेल हे मला कळत होतं, आणि एकच नाव सुचत होतं.

म्हणून रविवारी मी घोटीची एसटी पकडली. घोटीत माझं काही काम नव्हतं. त्या गाडीवर रूपाली कंडक्टर आहे. तुमच्या कार्यक्रमाला ती ड्युटीवरून तशीच खाकी कपड्यांत आली होती आणि सगळ्यांच्या मागे उभी होती. तिथं मी तिला चुकवून निघालो होतो. गाडीत मात्र बघत राहिलो. गाडी गच्च भरलेली, भाजीच्या पाट्या, लहान मुलं, आणि ती कशाला न धरता मधून चाललेली, ताठ, छताला डोकं लागेल इतकी उंच. "पुढं सरका मावशी, मागं लोक लोंबकळून राह्यलेत." बोलता बोलता प्रत्येकाकडे बघत होती, अगदी शेवटच्या सीटपर्यंत.

गर्दी ओसरल्यावर ती माझ्या शेजारी टेकली. मी सांगितलं. मीटिंगपेक्षा हे अवघड होतं, कारण पडली होती ती. "रूपाली, त्या दिवशी पहिल्या रांगेला मी अडवलं होतं. तुझी चूक नव्हती आणि मॅडमची तर नव्हतीच. तुझी माफी मागायची राहिली होती."

ती तिकिटाचं मशीन मांडीवर फिरवत हसली. "सर, आमाला तव्हाच माहीत होतं. त्या सहा पोरींनी त्याच संध्याकाळी मॅडमला सांगितलं. शेतात आला होता ना तुमी दोघं, तव्हा बी माहीत होतं."

मी विचारलं, "मग मॅडमनी माझं नाव का नाही घेतलं?"

"मी विचारलं होतं. लय राग आला होता मला तुमचा. तर मॅडम म्हणाल्या, सरांचं नाव काढलं तर ते आपल्या तासाचे कायमचे दुश्मन होतील. नाय काढलं तर आपले होतील. अन् पुढच्या वर्षी टाईमटेबल त्यांच्याच हातात येणार हाय."

मॅडम, मी भर गाडीत मोठ्यानं हसलो. पुढच्या सीटवरची बाई वळून बघायला लागली. मला वाटत होतं, मी गुपचूप तुमचा तास परत आणला. तुम्ही तर तो माझ्याकडून काढून घेतलात, मला कळू न देता, माझी अब्रू झाकून. आणि वर दर जूनला चांगली जागा मागत राहिलात. हसता हसता मला रडू आलं आणि मी ते थांबवलं नाही. तुम्ही मला उघडं पाडू शकत होतात आणि पाडलं नाहीत, त्यामुळे मी थोडा बरा मास्तर झालो. याचे आभार मी तुमच्या समोर मानायला हवे होते. इथं मानतो. मॅडम, चुकलं माझं, आणि तुमचे फार उपकार आहेत माझ्यावर.

रूपालीला विचारलं, "आठवड्यातून एकदा येशील का शाळेत? मला पावलं येत नाहीत."

ती म्हणाली, "येईन की. पण माझी सुट्टी गुरुवारी असते सर. शनिवारी नाय जमायचं."

सोमवारी सकाळी मी नवीन वेळापत्रक नोटीसबोर्डवर लावलं. आठवीचा नृत्याचा तास गुरुवारी आहे, मॅडम. पहिला. गणित शनिवारी शेवटी गेलंय, आणि मुलांनी दप्तरं पाठीला लावली तरी मी काही म्हणणार नाही.